पंडित लेंकरूं झाला : कै. नारायण वामन टिळक

स्वर्गाच्या राज्यांत मोठा कोण, असा प्रश्न एकदां शिष्यांनीं प्रभूस केला. उत्तर देण्यापूर्वीं प्रभूनें एका लहान मुलास जवळ बोलावून त्यांच्यामध्यें उभें केलें, आणि मनुष्य पालटून अशा मुलासारखें झाल्यावांचून त्यास त्या राज्यांत प्रवेश नाहीं, हें त्यांस शिकविलें. मत्तयाच्या अठराव्या अध्यायांतील ही गोष्ट आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत किती वेळां वाचली गेली असेल, ह्याची गणती नाहीं. तरी तिच्या अर्थाविषयीं आपणांमध्यें दोन प्रकारचे गैरसमज आढळतात. कोणी म्हणतो कीं, आम्ही अडाणी माणसें, आम्हांस शास्त्र कळत नाहीं. तेव्हां आमचा विश्वास कमी प्रतीचा असणारच. दुसरा चार बुकें शिकलेला असतो. त्यास वाटतें कीं, बालकासारखा विश्वास हा म्हाताऱ्या बायांस व शेतकऱ्यांस पुरे, आपणांस कांहीं निराळें पाहिजे. ह्या दोघांचेंही समाधान करील असें एक चरित्र आपल्या महाराष्ट्रांत घडलें, आणि त्याचा शेवटचा भाग आपल्या सातारच्या भूमीवर घडला. तें चरित्र कविवर्य नारायण वामन टिळक यांचें होय.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते व स्वभावानें फार कडक होते. आई जानकीबाई मृदु, देवभोळी आणि काव्याची आवड असलेली होती. मुलाचा सारा जीव आईवर होता. परंतु ती माउली त्याच्या बाळपणींच मरण पावली, आणि वडिलांच्या घरीं त्या मुलास मायेचा ओलावा उरला नाहीं. तो घर सोडून नाशिकास गेला. तेथें गणेशशास्त्री लेले यांजपाशीं त्यानें संस्कृत विद्येचा अभ्यास केला, आणि थोडें इंग्रजीही शिकून घेतलें. पुढें आयुष्यांत ज्या पुरुषानें स्वर्गांतील बापाची इतकीं गोड स्तोत्रें गाइलीं, त्यास पृथ्वीवरील बापाचें प्रेम फारसें ठाऊक नव्हतें, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. ज्यांचें बाळपण दुःखांत गेलें, त्यांस देवाचें लेंकरूं होतां येत नाहीं असें नाहीं. उलट, उन्हांत चाललेल्यासच सावलीचें मोल अधिक कळतें.

सुमारें १८८० सालीं नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यांतील मनकर्णिका या मुलीशीं त्यांचें लग्न झालें. ह्याच पुढें सर्व महाराष्ट्रास ठाऊक झालेल्या लक्ष्मीबाई टिळक. लग्न झालें तरी टिळकांचें चित्त एका ठिकाणीं स्थिर नव्हतें. आज या गांवीं शिक्षक, उद्यां त्या गांवीं कीर्तनकार, परवां कोठें गेले याचा घरच्यांस पत्ता नाहीं, असा त्यांचा क्रम होता. विद्वत्ता वाढत होती, कवि म्हणून नांव होत होतें, पण मनाची तळमळ शमत नव्हती. नागपुरास आप्पासाहेब बुटी या धनिक गृहस्थांच्या आश्रयानें ते संस्कृत ग्रंथांचें काम करूं लागले, आणि तेथें पंडितांच्या सभेंत त्यांस मान मिळाला. जातिभेदानें देशाचें वाटोळें होत आहे, हें त्यांस स्पष्ट दिसत होतें. जुन्या धर्मानें समाधान होत नाहीं, तर आपणच एक नवा धर्म कां स्थापूं नये, येथपर्यंत त्यांच्या विचारांची धांव गेली, आणि त्या धर्माचीं तत्त्वेंही त्यांनीं मनांत ठरविलीं. जो पुढें बालकाप्रमाणें प्रभूच्या पायांशीं बसावयाचा होता, तो ह्या वेळीं स्वतःच गुरूच्या आसनावर बसण्याची तयारी करीत होता.

अशा वेळीं एक लहानशी गोष्ट घडली. १८९३ सालच्या सुमारास ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें चालले होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनीं ह्या हिंदी प्रवाशास आदरानें जागा दिली, संस्कृत काव्यावर गोष्टी काढल्या, आणि उतरण्यापूर्वीं नव्या कराराचें एक पुस्तक हातीं देऊन तें वाचण्याची विनंति केली. टिळकांनीं तें वाचण्याचें वचन दिलें. त्या गृहस्थाचें नांव त्यांस पुढेंही कळलें नाहीं, असें सांगतात. तेथें मोठी व्याख्यानें झालीं नाहींत, कीं वादविवाद झाला नाहीं. आदराचा शब्द आणि एक पुस्तक, एवढेंच बीं त्या दिवशीं जमिनींत पडलें. आपल्या उपदेशक बंधूंनीं हें विसरूं नये. बाजाराच्या दिवशीं, एस. टी. च्या गाडींत किंवा चावडीच्या ओट्यावर ज्या माणसाशीं आपण चार गोड शब्द बोलतों, तो कोण होणार आहे हें आपणांस दिसत नाहीं. देवास तें दिसतें.

टिळकांनीं वचन दिलें म्हणून पुस्तक वाचावयास घेतलें. आरंभीं त्यांस तें कांहीं फार रुचलें नाहीं. परंतु डोंगरावरील प्रवचनापाशीं ते आले, आणि तेथें त्यांचें पाऊल खिळलें. वैऱ्यावर प्रीति करण्यास सांगणारा, आकाशांतील पांखरांस चारणाऱ्या बापाची ओळख करून देणारा, दीनांस धन्य म्हणणारा हा गुरु कोण, असा प्रश्न त्यांस पडला. ह्या प्रश्नानें त्यांस झोंप लागेना. मग त्यांनीं विचारपूस सुरू केली, ग्रंथ मागवून वाचले, आणि ख्रिस्ती वृत्तपत्राशीं व मिशनरी लोकांशीं पत्रव्यवहार केला. शंकांमागून शंका ते विचारीत गेले. हें सुमारें दोन वर्षें चाललें.

येथें आपण क्षणभर थांबूं. बालकासारखा विश्वास म्हणजे डोळे मिटून जें सांगितलें तें गिळणें, असें जे समजतात त्यांनीं टिळकांच्या ह्या दोन वर्षांकडे पाहावें. लहान मूल कधीं गप्प बसतें काय? हें काय, तें कां, असें विचारून तें आईचा पिच्छा पुरवितें. पण मूल विचारतें तें आईस हरविण्यासाठीं नव्हे. त्यास जाणून घ्यावयाचें असतें, आणि उत्तर मिळालें कीं तें उडी मारून आईच्या मांडीवर बसतें. वादी पंडित व जिज्ञासु बालक ह्यांत हाच भेद आहे. टिळकांनीं प्रश्न सर्व विचारले, परंतु उत्तर मिळाल्यावर पळवाट शोधली नाहीं. जें खरें दिसलें त्याच्यापुढें त्यांनीं आपली पंडिताई खालीं ठेविली. नवा धर्म स्थापण्याचा बेत तेथेंच विरून गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

ह्या निर्णयाची किंमत मात्र लहान नव्हती. जात गेली, आश्रय गेला, सगेसोयरे तुटले. सर्वांत कठीण घाव लक्ष्मीबाईंवर पडला. मांडीवर लहान दत्तू, आणि नवरा धर्म सोडून गेला म्हणून लोकांचीं बोलणीं. चार-पांच वर्षें त्या आप्तांच्या घरीं, कांहीं काळ पंढरपुरास, आंसवें गाळीत राहिल्या. टिळकांचें चरित्र सांगतांना हें दुःख झांकून ठेवणें खरें नव्हे. आपल्या मंडळ्यांत अशीं कित्येक घरें आहेत कीं, ज्यांत प्रथम एकानेंच प्रभूस पत्करिलें आणि बाकीच्यांस त्याचा वणवा सोसावा लागला. त्यांस हें ठाऊक असावें कीं, मराठी मंडळीच्या ह्या सर्वांत मोठ्या कवीच्या घरींही तोच वणवा पेटला होता.

पुढें लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीजवळ राहावयास आल्या, परंतु आपलें सोंवळें व आपली चूल त्यांनीं निराळी ठेविली. टिळकांनीं त्यांच्यावर जबरी केली नाहीं. हळूहळू त्या माउलीचें मन आपोआप उघडत गेलें. देवानें जर माणूस केला, तर ह्या जाती कोणीं केल्या, असा विचार त्यांच्याच अंतःकरणांत उठला. सोंवळेंओंवळें आधीं गळालें, आणि मग १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या शाळेंत गेलेल्या नव्हत्या, जोडाक्षरांशीं त्यांची झटापट चालत असे, तरी पुढें त्यांनीं स्मृतिचित्रें हें आत्मचरित्र सांगितलें, आणि १९३४ पासून तें छापून निघूं लागल्यावर थोरथोर विद्वानांनीं त्या भाषेपुढें मान लवविली. पति विद्येच्या शिखरावरून खालीं उतरून बालक झाला, आणि पत्नी अक्षरओळखीच्या पायरीवरून बालकाप्रमाणेंच वर चढली. राज्याचें दार दोघांस एकच होतें.

अहमदनगर येथें टिळकांनीं बावीस वर्षांच्या सुमारास काळ घालविला. धर्मशिक्षणशाळेंत शिकविणें, मंडळ्यांत उपदेश करणें, ज्ञानोदय पत्रांत लिहिणें, हीं कामें ते करीत. १८९९ व १९०० च्या भयंकर दुष्काळांत व प्लेगच्या साथींत त्यांच्या घराचें दार अनाथ मुलांस उघडें असे. घरांत उद्यांचें धान्य आहे कीं नाहीं, ही चिंता लक्ष्मीबाईंस असे, टिळकांस क्वचितच. खिशांतील पैसा वाटेंत भेटलेल्या गरजवंतास देऊन ते रिकाम्या हातानें घरीं परत येत. बालकवि म्हणून प्रसिद्ध झालेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हेही त्यांच्या घरीं पोटच्या मुलासारखे राहिले. ते हिंदु होते व हिंदूच राहिले, पण त्या घरांतील मायेंत त्यामुळें कांहीं उणें पडलें नाहीं.

फुलामुलांचे कवि असें टिळकांस महाराष्ट्र म्हणतो. रानांत एकटें फुललेलें फूल, पारध्याच्या बाणानें घायाळ झालेली पक्षिणी, अंगणांतील मुलें, ह्यांवर त्यांनीं कविता केल्या. केवढें हें क्रौर्य ही त्यांची कविता शाळेंतील मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं पाठ केली. ज्या हातांनीं पंडितांच्या सभेंत शास्त्रार्थाचीं पत्रें उलटावीं, त्या हातांनीं हा पुरुष मुलांसाठीं गाणीं लिहीत बसे, आणि त्यांत त्यास कमीपणा वाटत नसे.

परंतु खेड्यांतील मंडळ्यांवर त्यांचे जे उपकार आहेत ते ह्याहून मोठे आहेत. त्यांच्यापूर्वीं आपल्या उपासनेंत बहुधा इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें असत. त्या चाली कुणब्याच्या ओठांवर बसत नसत. टिळकांनीं अभंग, पद, भजन व कीर्तन हें आपल्या मातीचें धन प्रभूच्या चरणीं वाहिलें. त्यांनीं शेंकडों गीतें रचिलीं, आणि आपल्या उपासनासंगीताचा मोठा भाग त्यांच्याच लेखणींतून उतरलेला आहे. तुकोबांच्या अभंगांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें ते मोकळ्या मनानें सांगत. वारकरी विठ्ठलास माउली म्हणतात. टिळकांनीं ख्रिस्तास माउली व गुरु अशा दोन्ही नांवांनीं हांक मारिली. बाळपणीं ज्याची आई गेली, त्या मुलास अखेरीस आपली आई सांपडली. आज टाळ, मृदंग व चिपळ्या घेऊन आपलें भजनीमंडळ जेव्हां गावयास बसतें, तेव्हां ज्यास एक अक्षरही वाचतां येत नाहीं असा म्हातारा पाठ केलेल्या त्या पदांत सारें शुभवर्तमान गातो. त्यास कोण अडाणी म्हणेल?

आतां टिळकांच्या अंगांत दोष नव्हते असें नाहीं. ते तापट होते, एकदम निर्णय घेत, आणि घराच्या माणसांस न सांगतां निघून जात. पैशाच्या बाबतींत त्यांच्या बेफिकिरीचा भार लक्ष्मीबाईंस वाहावा लागे. हा बालभाव नव्हे. पौलानें करिंथच्या मंडळीस लिहितांना स्पष्ट सांगितलें आहे कीं, वाइटाच्या बाबतींत आपण बालकें असावें, पण समजुतीनें प्रौढ व्हावें. बालबुद्धि व बालभाव ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बालबुद्धि आपल्या लहरीप्रमाणें चालते. बालभाव बापाचा हात धरून चालतो. टिळकांत दोन्ही होतीं, जशीं तीं तुम्हां-आम्हांतही आहेत. देवानें त्यांच्यांतील एकीस वर्षानुवर्षें छाटलें, आणि दुसऱ्यास खतपाणी घातलें. द्राक्षवेलीची छाटणी कशी होते हें तासगांवाकडील आपल्या शेतकरी बंधूंस मीं सांगावयास नको. कात्री लागते तेव्हां वेलीस पाणी सुटतें, पण घड त्यानंतरच धरतो.

ह्या छाटणीचें फळ आपल्या साताऱ्यास दिसलें. १९१७ सालीं टिळकांचें वय पंचावन्न वर्षांचें होतें. नांव, मान, मिशनचें कायमचें वेतन, सर्व कांहीं होतें. ह्या वयांत मनुष्य हातपाय आंखडून विसांव्याची वाट पाहातो. टिळकांनीं त्या वेळीं पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ति पत्करिली, आणि साताऱ्यास, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या त्या शहरांत, देवाचा दरबार स्थापन केला. त्या काळीं सातारा जिल्हा आजच्याहून मोठा होता. वाळवा, तासगांव, खानापूर हे आतां सांगली जिल्ह्यांत असलेले तालुके त्यांतच मोडत. सांगली व मिरज हीं संस्थानें होतीं, आणि मिरजेस डॉक्टर वानलेस यांचें इस्पितळ १८९४ पासून रोग्यांची सेवा करीत होतें. कृष्णेच्या कांठच्या ह्या मुलुखांत टिळकांनीं आपलें शेवटचें निशाण रोविलें.

दरबाराची कल्पना साधी होती. ज्यांनीं बाप्तिस्मा घेतला आहे ते, आणि ज्यांनीं तो घेतला नाहीं पण ख्रिस्तास गुरु मानिलें आहे ते, ह्या सर्वांनीं भावांप्रमाणें एकत्र बसावें, परकीय द्रव्यावर अवलंबून न राहातां ह्या देशाच्या रीतीनें प्रभूची भक्ति व दीनांची सेवा करावी, असा त्यांचा हेतु होता. ह्या योजनेविषयीं त्या वेळीं मंडळ्यांत मतभेद झाला. कित्येकांस वाटलें कीं, बाप्तिस्म्याचें महत्त्व कमी होईल. कित्येकांस ही मोठ्या कवीची एक लहर वाटली. मंडळीच्या शिस्तीची काळजी वाहणाऱ्या वडिलांची ती शंका अगदीं निराधार होती असें कोणी म्हणूं नये. परंतु वादाचा धुरळा खालीं बसल्यावर आपणांस काय दिसतें? एक म्हातारपणाकडे झुकलेला पुरुष महिन्याच्या महिन्यास येणारें वेतन सोडून, उद्यांच्या भाकरीसाठीं स्वर्गांतील बापाकडे पाहात उभा आहे. चोवीस वर्षांपूर्वीं राजनांदगांवच्या वाटेवर हातीं आलेल्या पुस्तकांत त्यानें पांखरांविषयीं वाचलें होतें. तें त्यानें आतां खरें मानून दाखविलें.

दरबारास फार दिवस मिळाले नाहींत. टिळकांची प्रकृति खालावली. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या इच्छेप्रमाणें देहास अग्नि देण्यांत आला, आणि अस्थि अहमदनगरास नेल्या. ख्रिस्तायन हें प्रभूच्या चरित्राचें महाकाव्य त्यांनीं हातीं घेतलें होतें, पण आरंभीचे कांहीं अध्याय लिहून लेखणी थांबली. तें काव्य पुढें कोणी पुरें केलें? जोडाक्षरांशीं झटणाऱ्या त्याच लक्ष्मीबाईंनीं. उरलेला फार मोठा भाग त्यांनीं रचिला, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. दरबार ही संस्था टिळकांमागें टिकली नाहीं, हें खरें. पण त्यांचीं भजनें टिकलीं. संस्था माणसांच्या खांद्यावर उभ्या असतात आणि खांदे थकतात. बालकाच्या मुखांतून निघालेली स्तुति देवानें स्वतः सिद्ध केलेली असते, ती थकत नाहीं.

प्रिय बंधुभगिनींनो, ह्या चरित्रांतून आपण काय घ्यावें? ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं असें घ्यावें कीं, प्रभूच्या राज्यांत विद्वानासही तुमच्याच दारानें वांकून आंत यावें लागलें. म्हणून आपला विश्वास हलका समजूं नका. परंतु अडाणीपणास विश्वास असें नांव देऊन स्वस्थही बसूं नका. लक्ष्मीबाई मोठेपणीं अक्षरें शिकल्या, तुम्हांसही शिकतां येईल. वचन ऐका, विचारा, पाठ करा.

ज्यांस विद्या मिळाली आहे, त्यांनीं असें घ्यावें कीं, विद्या हें डोक्यावरचें पागोटें आहे. देवाच्या घरीं शिरतांना चौकट ठेंगणी लागते, तेव्हां तें हातांत घ्यावें लागतें. तें फेंकून द्यावें असें प्रभु सांगत नाहीं. आंत गेल्यावर त्याच पागोट्याचें वस्त्र कोणा उघड्याच्या अंगावर घालतां येतें, जसें टिळकांनीं आपल्या संस्कृत विद्येचें भजन करून कुणब्याच्या मुखीं घातलें.

आणि आपण जे उपदेशक व पाळक आहों, त्या आपणांस हा प्रश्न सर्वांत जवळून विचारला जात आहे. आपल्या बैठकींत कोणाची खुर्ची पुढें, कोणाची बदली कोठें, कोणाचें वेतन किती, ह्या गोष्टींत शिष्यांचा तो जुना वाद अजून चालू नाहीं काय? त्या वादाच्या मध्यें प्रभूनें मूल उभें केलें आहे. त्याच्याकडे न पाहातां आपण एकमेकांकडेच पाहात राहिलों, तर मंडळींतील मुलें, म्हातारे आणि निरक्षर बाया आपल्या आधीं राज्यांत जातील, आणि आपण दाराबाहेर थोरपणाचा हिशेब करीत बसूं.

येत्या रविवारीं उपासनेंत टिळकांचें एखादें भजन निघालें, तर चाल नीट लागली कीं नाहीं एवढेंच पाहूं नका. तें रचणारा मनुष्य एके काळीं नवा धर्म काढावयास निघाला होता, आणि शेवटीं आईचा पदर धरून चालणाऱ्या लेंकराप्रमाणें येशूच्या मागें गेला, हें मनांत आणा. तसाच पदर धरण्याचें धैर्य स्वर्गांतील बाप आपणां सर्वांस देवो. आमेन.